रिलीव्हर येईपर्यंत

पालघरच्या दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईनं मला विचारलं, "ताई, तुम्ही सुट्टी कधी घेता?"

तिची सासू तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. माझे मालक माझ्या पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. दोन्ही घरांत दुखणं एकच आहे हे आम्हाला न सांगता कळलं होतं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आमचा नंबर पुकारला. बाहेर येऊन बघते तर ती दुसऱ्या खोलीत गेलेली. बोईसरच्या गाडीची वेळ झाली होती, थांबता आलं नाही.

ती कुठली, नाव काय, मला माहीत नाही. पण तिला उत्तर द्यायचं राहिलं ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. मी सातवीतून शाळा सोडली. लिहायची सवय मोडलेली. शुद्धलेखन मुलीनं बघितलंय, बाकी जसं आठवलं तसं आहे.

दिवस कुठला, रात्र कुठली

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे. लग्न होऊन बोईसरजवळ सरावलीला आले तेव्हा इकडची ओली खारट हवा मला सोसायची नाही. पापड वाळायचे नाहीत, मीठ बरणीत पाणी सोडायचं, आणि माहेरी पत्र टाकलं तर उत्तर येईपर्यंत रडायचंसुद्धा विसरून जायचं. पण हे होते. हे म्हणजे माने, कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बॉयलर म्हणजे वाफ करायची मोठी टाकी. आत पाणी, खाली आग. आतलं पाणी किती आहे ते बाहेर एका काचेच्या नळीत दिसतं, आणि माणसानं त्या काचेवरची नजर हलवायची नाही. पाणी उतरलं आणि आग चालूच राहिली तर टाकी फुटते, माणसं जातात. म्हणून बॉयलरवाल्याला जागा सोडता येत नाही. पाळी संपली, भोंगा वाजला, तरी पुढच्या पाळीचा माणूस यावा लागतो. त्याला रिलीव्हर म्हणतात. तो समोर उभा राहून "चार्ज घेतला" म्हणेपर्यंत पहिल्यानं हलायचं नाही. रिलीव्हर आलाच नाही तर डबल ड्युटी. कितीदा मी भाकरी झाकून बसले आहे, आणि हे दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी आलेत.

एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट, असं आयुष्यभर. अशा घरात माणूस भर दुपारी उठतो आणि विचारतो, "सकाळ हाय का संध्याकाळ?" त्यात कुणाला काही वाटत नाही. आमच्या चाळीतल्या सगळ्या बायकांनी हे ऐकलेलं. म्हणून रिटायर झाल्यावर हे असं विचारायला लागले तेव्हा मी म्हणायची, अंगाची सवय आहे, जाईल हळूहळू. चहा पिऊन झाल्यावर डबा मागायचे. मी हसायची. शेजारणी म्हणायच्या, "आमचे पण असेच करतात." शाळामास्तराच्या घरात हे लगेच ध्यानात आलं असतं. आमच्याकडं आजार पाळीच्या कपड्यात आला, आणि आम्ही त्याला ओळखलं नाही.

मग कुकरचं झालं. मी नळावर धुणं धूत होते. जळका वास आला म्हणून धावले. गॅस मोठा, त्यावर कुकर, आत नुसते कोरडे तांदूळ काळे पडलेले. हे समोर उभे. गॅस बंद करायचंही सुचलं नव्हतं. मी बटण फिरवलं.

"शालन," हे म्हणाले, "पाण्याबिगर आग लावली मी."

"होतं एखाद्या वेळी," मी म्हणाले.

"बॉयलरवाल्याचं होत न्हाई."

डॉक्टरांच्या आधी यांना स्वतःलाच कळलं होतं, असं मला आता वाटतं.

लाल रेघ

पालघरच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान. माझ्या मुलीएवढ्या असतील. त्यांनी यांना विचारलं, "काका, आज वार कोणता?" यांनी माझ्याकडं बघितलं. उत्तर माझ्या ओठांवर आलेलं. बाईंनी हातानंच मला थांबवलं. मग महिना विचारला, तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळानं परत विचारली. मी मागच्या बाकावरच्या पोरीसारखी घाम पुसत बसले. परीक्षा यांची होती आणि नापास मी होत होते.

"आता घड्याळ काढा," म्हणून त्यांनी कागद दिला. यांनी मन लावून गोल काढला. एक काटा काढला. आकडे काढले नाहीत. वरच्या बाजूला एक आडवी रेघ मारली आणि बोट ठेवून सांगितलं, "हिथं लाल रेघ. ह्याच्या वर काटा जाऊ द्यायचा न्हाई."

ते बॉयलरचं प्रेशर मीटर होतं. मी तसं सांगितलं तेव्हा बाई हसल्या नाहीत. कागद नीट बघितला, म्हणाल्या, "बरोबर काढलंय, काका. मी विचारलं ते नाही, पण बरोबर आहे."

मग त्यांनी मला समजावलं. मेंदू हळूहळू विसरत जाणार. गोळ्यांनी वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. मी वेड्यासारखं विचारलं, "ऑपरेशन केलं तर?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. "यांच्याइतकीच तुमची तब्येत सांभाळा. तुम्ही पडलात तर यांना कोणी नाही." मी हो म्हणाले. बोलायचं म्हणून बोलतात असं वाटलं. त्यांचे उपकार मात्र मी विसरणार नाही. बाहेर कितीही गर्दी असो, त्यांनी आम्हाला कधी घाईनं उठवलं नाही.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसून शेंगदाणे खात होते. मजेत. "डॉक्टरीण हुशार हाय," म्हणाले. "मीटर बघून लगेच समजलं तिला." उमरोळी स्टेशन येईपर्यंत मी दुसरीकडं तोंड करून बसले.

कुलूप

एका दुपारी मी न्हाणीतून बाहेर येते तर दार उघडं. गल्ली, नाका, मारुतीचं देऊळ, सगळीकडं बघितलं. शेवटी एमआयडीसीतल्या एका वॉचमनचा फोन आला. यांचा कारखाना कधीच बंद पडला, जागा दुसऱ्यांनी घेतली, पाटी बदलली. पण जुनी चिमणी अजून उभी आहे. त्या गेटासमोरच्या कट्ट्यावर हे चिमणीकडं बघत बसले होते. वॉचमनला सांगत होते, रिलीव्हर येईपर्यंत हलता येणार नाही. खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती, तिच्या मागं माझा नंबर होता, म्हणून सापडले.

घरी आल्यावर मी यांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरला आतून माझा नंबर दोऱ्यानं शिवला. आणि दाराला आतून कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात, दोऱ्यात.

कुलूप यांच्यासाठी होतं, पण आत मी पण होते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते. आमच्या चाळीत आता जुनी घरं राहिली नाहीत. खोल्या कामगार पोरांना भाड्यानं दिलेल्या, ती दिवसभर ड्युटीवर. त्यांच्या दारांना बाहेरून कुलूप, माझ्या दाराला आतून. भाजी मी खिडकीच्या गजातून घ्यायची. दूध गजातून. खिडकीतून एक भिंत दिसायची, पाण्याची टाकी आणि वायरीवरचे कावळे. संध्याकाळी कारखान्यांचा आंबूस वास यायचा, मग खिडकीही लावून घ्यायची.

एकटं राहणं मला नवीन नव्हतं. हे नाईटला असायचे तेव्हा पोरीला घेऊन मी एकटीच असायची. पण तेव्हा माणूस सकाळी येणार हे माहीत असायचं. आता माणूस समोर बसलेला आणि येत नाही.

हळूहळू हे मला 'बाई' म्हणायला लागले. ऊन उतरायला लागलं की अस्वस्थ व्हायचे. "बाई, तुमी आता घरी जावा. अंधार पडायच्या आत. तुमचे मालक वाट बघत असतील." इतक्या अदबीनं म्हणायचे. ओळखत होते तेव्हा असं गोड कधी बोलले नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची, म्हणजे माझा आवाज ऐकू जायचा नाही.

गावाकडून दिरांचा फोन यायचा. "वहिनी, त्याला हिकडं घेऊन या. मोकळ्या हवेत बरं वाटंल." गावच्या घरापुढं कठडा नसलेली विहीर आहे. मी म्हणायची, बघू.

मुलगी वैशाली हडपसरला. तिची नोकरी, तिची सासू अंथरुणावर. ती फोनवर म्हणाली, "आई, अशा माणसांना ठेवायच्या चांगल्या जागा असतात." मी फोन ठेवून दिला. मग दोन दिवस तिचा फोन आला नाही, आणि मी पण केला नाही. माझं बोलणं ऐकणारं तेवढं एकच माणूस होतं, तेही मी बंद केलं. शेवटी ती स्वतःच आली. ड्रेस घातलेला, खांद्याला बॅग, हातात फाईल. हे तिला बघून ताडकन उभे राहिले आणि सलाम केला. बॉयलर तपासायला इन्स्पेक्टर यायचे, तशी ती वाटली यांना.

"या साहेब. सेफ्टी व्हॉल्व ओके हाय." आणि तिला हाताला धरून कुकर दाखवला. शिट्टी उचलून दाखवली.

"ठीक आहे," वैशाली म्हणाली. "छान ठेवलंय." मग माझ्याजवळ येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. "आई, मला वाटायचं तू वाढवून सांगतेस."

खुर्ची

पुढं पुढं यांनी प्लास्टिकची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढून घेतली. समोर गॅस, कुकर. एकटक बघत बसायचे. जेवायला उठवलं तर, "जागा सोडता येत न्हाई. रिलीव्हर आला न्हाई." संडासला उठायचे नाहीत. लुंगी ओली व्हायची, खुर्ची ओली, तरी बसून. मी ओढायला गेले की मला ढकलायचे. अंगात जोर अजून बॉयलरवाल्याचाच.

मी एकदा चिडून म्हणाले, "आवं, कंपनी बंद पडली. रिटायर झालाय तुम्ही." ते ऐकून यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी कुणाच्या मरणाची बातमी सांगितली. रडले. थोड्या वेळानं रडणं विसरले, खुर्चीवर परत बसले. त्यानंतर मी ते वाक्य कधी उच्चारलं नाही. तुम्हीही उच्चारू नका.

दुसऱ्या दिवशी मी वेगळी युक्ती केली. पदर खोचून समोर उभी राहिले. "मीच रिलीव्हर आहे. द्या चार्ज."

हे हसले. किती दिवसांनी हसले. "बायकांना बॉयलरवर घेत न्हाईत, बाई."

हिराबाई आणि माझा डोळा

हिराबाई घिवलीकडून मासे घेऊन यायची. पाटी खिडकीखाली ठेवून फतकल मारायची. मी घाटावरची, मासे इथं आल्यावर खायला शिकले, आणि त्यावरून ती मला आयुष्यभर चिडवत आली. कुलूप पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, "काय गं घाटणी, कैदी तो हाय का तू?"

"दोघं पण."

"मंग जेलर कोण?"

मी मांदेली मागितली आणि हात बोंबलावर ठेवला. तिनं माझं मनगट धरलं. "बोंबील आन मांदेली येगली दिसत नाय तुला? बग माज्याकडं." मी बघितलं. "दुसऱ्या डोल्यानं बग." उजव्या डोळ्यानं मला तिचं तोंड धुक्यासारखं दिसत होतं. ते मला माहीत होतं. एकदा यांना पालघरला नेलं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवलं होतं. मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर डोळा जाईल, असं ते म्हणाले होते. मी बघते म्हणाले होते. बघायचं काय? एक दिवस दवाखान्यात, नंतर काही दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही. मग यांच्याजवळ कोण? वैशाली आली तर ती माझ्याबरोबर दवाखान्यात येणार की यांच्याजवळ बसणार? आणि तिच्यासमोर तर हे सलाम करून उभेच राहत होते.

हिराबाईला मी एवढं सांगितलं नाही. म्हणाले, होईल.

त्याच आठवड्यात मी यांच्या कपात चहा ओतला आणि तो कपात पडलाच नाही. यांच्या गुडघ्यावर पडला. कढत. मी किंचाळले. हे किंचाळले नाहीत. दुखलं असणार. पण आवाज शांत. "बाई, काच बघून वता."

गुडघ्याला फोड आला. मी त्याला मलम लावत होते आणि दिसत नव्हतं फोड कुठवर आहे ते. पालघरच्या बाईंचं बोलणं आठवलं. तुम्ही पडलात तर. मी पडत होतेच. उद्या गोळी चुकली, परवा गॅस चुकला. कुलपाच्या आत दोघं, आणि त्यातली एक आंधळी. त्या दिवशी मला पहिल्यांदा किल्लीचा भार गळ्याला लागला.

चार्ज

एका संध्याकाळी दार वाजलं. यादवजी. यांच्याबरोबर बॉयलरवर होते, कितीतरी वर्षं यांचे रिलीव्हर तेच. मूळचे आझमगडकडचे. आता एका बिल्डिंगवर वॉचमन आहेत. गेटावरच्या त्या वॉचमननं चहाच्या टपरीवर त्यांना सांगितलं होतं, तुमचा जुना जोडीदार चिमणीसमोर बसलेला सापडला.

मी कुलूप काढलं. मला लाज वाटली, कारण हे खुर्चीवर ओले बसलेले होते आणि घरात वास होता. "यादवजी, थोड्या वेळानं या," असं म्हणणार तोवर त्यांनी यांना बघितलं. गॅस बघितला, खुर्ची बघितली. डब्याची पिशवी खाली ठेवली. आणि बॉयलर हाऊसमध्ये बोलतात तसं मोठ्या आवाजात म्हणाले, "आ गया, माने भाई. चार्ज दो."

हे उठले. माझ्यानं जे ओढून झालं नाही ते एका वाक्यानं झालं.

"लेट झालास."

"रिक्शा नहीं मिला."

"पाणी अर्धी काच. प्रेशर बराबर. पाण्याचा फीड पंप आवाज करतोय, लक्ष ठेव."

"देख लूँगा. तुम घर जाओ. भाभी राह देख रही होंगी."

यांनी खांद्यावरचा पंचा काढला, खुर्ची पुसली, "बस," म्हणाले. मग दोन पावलं चालून आतल्या खोलीत गेले. घरी आले. मी अंग पुसलं, लुंगी बदलली, भात भरवला. काही विरोध नाही. ड्युटीवरून आलेल्या माणसासारखे आडवे झाले आणि घोरायला लागले.

मी बाहेर आले तर यादवजी अजून खुर्चीवर.

"झोपले ते. तुम्ही आता जावा," मी म्हणाले.

"चार्ज लिया है, भाभी." हसत होते, पण उठले नाहीत. "आप हो आओ कहीं. बाजार-वाजार. मैं बैठा हूँ."

मी बाहेर पडले. नाक्यापर्यंत गेले. वडापावच्या गाडीपाशी उभी राहिले. पायात घरातली चप्पल, गळ्यात किल्ली. माणसं जात येत होती. पुढं कुठं जायचं मला सुचेना. इतके दिवस बाहेर पडायचं म्हणून जीव तडफडत होता, आणि बाहेर आले तर बाहेर माझं काही उरलेलं नव्हतं. थोडा वेळ उभी राहून परत आले.

"इतनी जल्दी?"

"कुठं जायचं सुचलं नाही."

"कोई बात नहीं," यादवजी म्हणाले. "कल के लिए सोच के रखो."

दुसऱ्या दिवशी ते परत आले. मी विचार करून ठेवला होता. म्हणाले, "यादवजी, मला डोळा करायचाय."

परीक्षा

ऑपरेशनच्या आठवड्यात यादवजींची ड्युटी दुपारनंतर येणार होती. सकाळ ते सांभाळतील, वैशाली मला पालघरला नेईल, आणि पुढं? मी हिराबाईला विचारलं. तिनं पाटी खाली ठेवायच्या आधीच हो म्हटलं. "मासली इकून झाली का येते. पन तुजा नवरा बायकांना घेत नाय ना कंपनीत?"

तिला आधी एकदा आणून बघायचं ठरलं. यादवजींनी यांच्याकडून चार्ज घेतला आणि मग हिराबाईला पुढं केलं. "माने भाई, मेरे बाद ये आएगी. नई भरती है."

यांनी तिला खालून वर बघितलं. काष्ट्याचं लुगडं, केसात अबोलीचा गजरा, अंगाला माशांचा वास. इन्स्पेक्टरसमोर उभे राहायचे तसे ताठ झाले. "आधी पाणी का आधी आग?"

हिराबाईनं कमरेवर हात ठेवले. "कालवन करते मी रोज. पान्याबिगर चुलीवर काय ठेवतं का कोन? आदी पानी."

यांनी मान हलवली. "बरोबर हाय. हिला घ्या."

"बगितलंस घाटणी?" हिराबाई मला म्हणाली. "तू नापास, मी पास."

त्या बाईला

ताई, तुम्ही विचारलं होतं सुट्टी कधी घेते. तर सुट्टी नसते. ती मागत बसू नका, मिळत नाही. रिलीव्हर मिळतो. तोही यादवजींसारखा दरवेळी स्वतः होऊन येत नाही, त्याला सांगावं लागतं, आणि सांगायला दार उघडावं लागतं. मी फार उशिरा उघडलं.

सगळं नीट झालं असं मी लिहिणार नाही. कुलूप अजून आहे. यादवजींची पाळी बदलली की कित्येक दिवस जमत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा हिराबाई इकडं फिरकत नाही. त्या दिवसांत मी आणि हे, भिंत आणि कावळे. यांना आता कधी कधी बॉयलरही आठवत नाही. नुसते खुर्चीवर हात फिरवत बसतात, आणि मला भीती वाटते की उद्या यादवजी दारात येऊन "चार्ज दो" म्हणतील आणि हे उठणारच नाहीत. मग काय करायचं ते मला माहीत नाही. डोळा मात्र चांगला झाला. गोळ्यांचे रंग दिसतात. चहा कपात पडतो.

फक्त ऑपरेशनच्या दिवशीचं एक सांगते आणि थांबते.

वैशालीचा हात धरून मी संध्याकाळी घरी आले. डोळ्यावर पट्टी. दार हिराबाईनं उघडलं, किल्ली तिच्या कमरेला. "जेवला तुजा माणूस. पानी बगितलं का, पानी बगितलं का, माजं डोकं खाल्लं." तिला शेवटची रिक्षा गाठायची होती. वैशाली तिला सोडायला नाक्यापर्यंत गेली.

हे आतल्या खोलीतून बाहेर आले. दारात उभ्या असलेल्या पट्टीवाल्या बाईकडं बघत राहिले. ओळख नव्हती. पण काहीतरी दिसलं असावं.

"लांबनं आलासा, बाई?"

"हो."

"डबल झाली वाटतं."

"हो," मी म्हणाले. "बरेच दिवस रिलीव्हर आला नव्हता."

यांनी खुंटीवरचा पंचा काढून खांद्यावर टाकला. खुर्चीजवळ येऊन सरळ उभे राहिले. "द्या चार्ज."

मी सांगितलं, कितीतरी वर्षं ऐकलेलं. "पाणी अर्धी काच आहे. प्रेशर थोडं वाढलंय. लक्ष ठेवा."

"बघतो मी. तुमी जावा आता घरी. मालक वाट बघत असतील."

मी दोन पावलं चालून आतल्या खोलीत गेले आणि यांच्या अंथरुणावर आडवी झाले. बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.